जवाची वाइन: एका पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

ग्रंथपाल मॅडमचा होकार आला. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सांगलीतल्या त्यांच्या वाचनालयाचा वरचा हॉल मिळेल. चार टेबलं, एक भिंत आणि आलेल्यांना द्यायला चोवीस पानांची मराठी पुस्तिका. विषय: प्राचीन ग्रीक आणि त्यांचे शेजारी काय प्यायचे, आणि एकमेकांच्या पिण्याबद्दल काय बोलायचे. मॅडमना एकच धाकधूक होती, "दारूवर प्रदर्शन म्हटल्यावर सभासद काय म्हणतील?" मी सांगितलं, मांडणार ते भांडी, धान्य आणि शब्द. बाटली एकही नसेल.

गेली सहा वर्षं घरच्या घरी ग्रीक शिकते आहे. वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. ग्रीकांना आपण कोण ते सांगायचं असलं की ते द्राक्षाकडे बोट दाखवतात आणि शेजारी कोण ते सांगायचं असलं की जवाकडे. थ्रेसचे (ग्रीसच्या ईशान्येला), फ्रिजियाचे (आजच्या तुर्कस्तानात), इजिप्तचे, आर्मेनियाचे, पुढे गॉलचे (आजचा फ्रान्स) केल्ट, सगळे धान्याचं पिणारे. आपण तेवढे द्राक्षाचं पिणारे, तेही पाणी घालून. ही रेघ कशी ओढली गेली आणि कुठे कुठे पुसट होते, ते मराठीत नीट मांडायचं आहे.

11 जानेवारी

सुरुवात झेनोफनपासून, म्हणजे स्वतः त्या मोहिमेत असलेल्या ग्रीक लेखकापासून. इ.स.पू. 401 मध्ये कुनाक्साच्या लढाईत भावाविरुद्ध उठलेला इराणी राजपुत्र धाकटा सायरस पडला आणि त्याच्यासाठी लढायला गेलेले दहा हजारांच्या आसपास ग्रीक भाडोत्री सैनिक परक्या मुलखात अडकले. परतीच्या वाटेवर, ऐन हिवाळ्यात, ते आर्मेनियाच्या बर्फातून एका गावात पोचले. घरं जमिनीखाली. तोंड विहिरीसारखं अरुंद, खाली ऐसपैस. माणसं शिडीने उतरायची, गुरांसाठी वेगळी उतरण खणलेली. आत शेळ्या, मेंढ्या, गाई, कोंबड्या आणि त्यांची पिलं. गहू, जव, कडधान्यं. आणि मोठ्या भांड्यांत भरलेली 'ओइनोस क्रिथिनोस'. शब्दाला शब्द ठेवला तर 'जवाची वाइन'.

आज या दोनच वाक्यांवर सकाळ गेली. भांड्यात जव तरंगत होते, भांड्याच्या 'ओठांबरोबर'. त्यात नळ्या ठेवलेल्या, काही मोठ्या, काही लहान, 'गुडघे नसलेल्या'. तहान लागली की नळी तोंडात धरून ओढायचं.

गुडघ्यापाशी बराच वेळ थांबले. ग्रीक शब्द 'गोनू', म्हणजे संस्कृतातला जानू. बोरूला किंवा उसाला जिथे गाठ असते, तिला ग्रीक माणूस गुडघा म्हणतो. आपण दोन गाठींमधल्या भागाला पेर म्हणतो. म्हणजे झेनोफन सांगतोय की प्रत्येक नळी एका पेराची होती. मराठीत 'बिनगाठीच्या नळ्या' लिहिलं तर अर्थ पोचतो. 'एका पेराच्या नळ्या' लिहिलं तर ऊस तोडलेल्या माणसाच्या हाताला लांबीसुद्धा कळते. हेच ठेवते.

13 जानेवारी

शब्दांची वही आजपासून वेगळी केली.

झेनोफनकडे बिअरसाठी शब्दच नाही, म्हणून तो वाइनचे शब्द उसने घेतो. पेयाला जवाची वाइन म्हणतो. भांड्याला 'क्रातेर' म्हणतो. क्रातेर म्हणजे वाइनमध्ये पाणी मिसळायचं भांडं. नावच 'मिसळणे' या धातूवरून आलंय. आर्मेनियाच्या त्या भांड्यात तर वाइन नव्हतीच. मग पेय कडक होतं हे सांगायला तो 'अक्रातोस' म्हणतो, म्हणजे 'न मिसळलेलं'. हा शब्दही त्याच धातूचा. डोळ्यांसमोर बिअर आणि तोंडात सगळी भाषा वाइनची.

माझ्या जुन्या कच्च्या खर्ड्यात मी इथे 'जवाची दारू' लिहिलं होतं. ते खोडलं. मराठीत दारू म्हटलं की हातभट्टीपासून शॅम्पेनपर्यंत सगळं एका पोत्यात जातं आणि ज्या रेघेबद्दल पुस्तिका आहे तीच पुसली जाते. 'यवसुरा' सुचत होतं, पण तो शब्द सफाईदार आहे आणि झेनोफनची अडचण त्याने झाकली जाते. 'जवाची वाइन' वाचताना मराठी वाचक क्षणभर अडखळेल. झेनोफनचा ग्रीक वाचकही तिथेच अडखळला असणार. हेच नाव पुस्तिकेलाही देते.

आणखी एक शब्द: 'मेथू'. होमरपासून वाइनसाठी येतो. आपला मधू, मध, तोच हा. ग्रीक नाटककार इस्किलसच्या 'हिकेतिदेस' या नाटकात अर्गोसचा राजा इजिप्तच्या दूताला सुनावतो की इथे तुला खरे पुरुष भेटतील, जवाचं मेथू पिणारे नव्हेत. नाटक इ.स.पू. 463 च्या सुमाराचं. रेघ इतकी सरळ दुसरीकडे कुठे ओढलेली मला भेटली नाही.

(एक खुलासा पुस्तिकेत घालायलाच हवा, कारण कुणीतरी विचारणारच: 'यव' (जव) आणि 'यवन' (ग्रीकांचं आपल्याकडचं जुनं नाव) यांचा काही संबंध नाही. यवन हा शब्द आयोनियावरून, इराणी 'यौना'मार्गे आला.)

27 जानेवारी

मिरजेला कुंभारकाकांकडे गेले. तीन वस्तू हव्यात: एक लहान क्रातेर, दोन 'किलिक्स' म्हणजे उथळ पसरट प्याले, आणि फ्रिजियन धर्तीची, चोचीत चाळणी असलेली एक सुरई. छायाचित्रं बघून काका म्हणाले, "ताई, हा प्याला एवढा उथळ, त्यात पिणार काय आणि सांडणार काय?" मग प्याल्याच्या बाजूच्या मुठींवर बोट ठेवून म्हणाले, "कान मात्र झकास आहेत."

कान! होमरच्या इलियडच्या अकराव्या सर्गात म्हाताऱ्या नेस्टरच्या प्याल्याला चार 'कान' आहेत, अगदी याच शब्दात. मी काकांना ते सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "मग दुसरं काय म्हणणार?"

4 फेब्रुवारी

भांडी भट्टीतून आली. एका किलिक्सचा कान तडकलाय, सुकवताना घाई झाली. दुसरा सुरेख उतरला. क्रातेर पाच लिटरचा.

घरी सतरंजी टाकून, डाव्या कोपराखाली लोड घेऊन आडवी झाले आणि प्याला पाण्याने भरला. बसून धरला तर खरंच सांडतो. आडवं होऊन दोन बोटं कानात अडकवली की मनगट सैल राहतं आणि प्याला आपोआप समतल होतो. दोन तृतीयांश भरलेला एकदाही सांडला नाही. काकांना फोन करून सांगितलं. हा प्याला बसून प्यायचा नाहीच.

आडव्या प्याल्याबरोबर मेजवानीची पद्धतही लिहून टाकते, दुसऱ्या टेबलावर ती लागेल. सिम्पोसिओन म्हणजे शब्दशः 'एकत्र पिणं'. क्रातेर मध्यभागी. पाणी किती घालायचं ते त्या रात्रीचा प्रमुख ठरवणार आणि सगळ्यांच्या प्याल्यात एकाच क्रातेरातलं येणार. इ.स.पू. 700 च्या सुमारास कवी हेसिओड तीन भाग पाण्याला एक भाग वाइन सांगतो. दोनास पाच हेही प्रमाण चालायचं. हिशोब करून पाहिला: 14 टक्क्यांची वाइन तीनपट पाण्यात गेली की साडेतीन टक्के उरतात. म्हणजे बिअर पिणाऱ्यांना नाव ठेवणारा ग्रीक स्वतः प्यायचा ते बिअरच्याच ताकदीचं. फरक नशेत नव्हता, मिसळण्याच्या शिस्तीत होता. माझ्या मते सगळी रेघ इथून सुरू होते.

म्हणूनच निर्भेळ वाइन पिणारेही त्यांच्या लेखी परकेच. स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस वेडा होऊन मेला. इतिहासकार हेरोडोटस सांगतो, स्पार्टाच्या लोकांच्या मते त्याला स्किथियन (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्यांच्या) दूतांच्या संगतीत न मिसळलेली प्यायची सवय लागली होती. तेव्हापासून कडक हवी असली की ते म्हणायचे, "स्किथियन पद्धतीने ओत." आणि नाटककार युबुलस वाइनचा देव डायोनिसस याच्या तोंडी घालतो: शहाण्यांसाठी तीनच क्रातेर, पहिला आरोग्याचा, दुसरा प्रेमाचा, तिसरा झोपेचा. तो रिकामा झाला की शहाणी माणसं घरी जातात. चौथ्यापासून तो आपला नाही, उद्दामपणाचा. पुढे आरडाओरडा, मारामारी, आणि दहावा वेड लागण्याचा. हा उतारा भिंतीवर मोठ्या अक्षरात.

9 फेब्रुवारी

जव भिजत घातले. बाजारात टरफलासकट जव मागितले तर पहिल्या दोन दुकानांत सातूचं पीठच पुढे आलं. शेवटी पूजासाहित्याच्या दुकानात मिळाले.

चोवीस तास पाण्यात, मग ओल्या फडक्यात बांधून. आई बघत होती. म्हणाली, "नाचणीसत्त्वाचंच आहे की हे." बरोबर आहे. मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, भरडायचे. बाळाच्या पेजेसाठी आपल्याकडे घरोघर जे करतात, बिअरची पहिली निम्मी वाट तीच आहे. मोड येताना दाण्याच्या आत पिष्ट तोडणारी द्रव्यं तयार होतात. भरड कोमट पाण्यात ठेवली की पिष्टाची साखर होते. आई त्याला "दाणा गोड होतो" म्हणते.

13 फेब्रुवारी

मोड दाण्याएवढे लांब झाले, वाळवून भरडले. काही दाणे मुद्दाम तव्यावर काळे होईपर्यंत जाळले आणि भिंगाखाली धरले. न मोडवलेला जळका दाणा भरीव, गोलसर. मोडवलेला जळका दाणा आतून पोकळ, पाठीवर मोडाची चर. दोन बशा शेजारी ठेवल्या तर चष्म्याशिवाय फरक दिसतो.

हे जाळणं उगाच नाही. थेसलोनिकी विद्यापीठाच्या सुलताना मारिया वालामोती यांच्या गटाने 2018 मध्ये असेच मोड आलेले जळके दाणे छापून दाखवले: मॅसिडोनियातल्या आर्कोंदिको इथले इ.स.पू. 2000 च्या आसपासचे, आणि थेसलीतल्या आर्गिसा इथले त्यानंतरचे. थेसली म्हणजे अकिलीसचा मुलूख, ऐन ग्रीस. म्हणजे ब्राँझयुगात ग्रीसमध्येच बिअर होत असावी. मोड आलेला दाणा म्हणजे लगेच बिअर नव्हे, पावसात भिजलेल्या पोत्यालाही मोड येतात. पण एकाच घरात मोडवलेलं धान्य, चूल आणि पेले एकत्र सापडले की मला तरी दुसरा अर्थ लावावासा वाटत नाही.

वाइनही त्या भागात जुनीच. फिलिपीजवळच्या दिकिली ताश इथे इ.स.पू. 4300 च्या सुमाराच्या पिळलेल्या द्राक्षांच्या बिया आणि साली मिळाल्या आहेत. म्हणजे 'आम्ही द्राक्षवाले' ही ओळख जमिनीतून वर आलेली नाही. दोन्ही घरात होतं, त्यातलं एक पुढे आपलं म्हणून निवडलं गेलं.

15 फेब्रुवारी

नळ्यांची चाचणी. नदीकाठचा बोरू आणला. एकेक पेर कापून, आतून काडीने साफ करून सात नळ्या केल्या. बोरूचं पेर वीतभर भरलं, सर्वांत लांब तेवीस सेंटिमीटर. म्हणजे झेनोफनच्या सैनिकाला भांड्यावर चांगलंच वाकावं लागत असणार. थोडं पुढे तोच लिहितो की कुणाला मानाने पाजायचं असलं की त्याला ओढत क्रातेरपाशी न्यायचे आणि तिथे वाकून बैलासारखं ओढून प्यावं लागायचं. नळीच्या लांबीने ते वाक्य माझ्यासाठी उलगडलं.

परवान्याशिवाय घरी मद्य करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे मी आंबवण्याआधी थांबले. भरड कोमट पाण्यात दोन तास ठेवली, गोड झालं, तेवढंच प्याले. नळीचं तोंड टरफलांनी दोनदा बंद झालं. मग टोक तिरकं कापलं, लेखणीसारखं, आणि फट बारीक ठेवली. आता नुसतं पाणी येतं. बोरूच्या लेखणीचा काप इथे कामाला आला, याचा फार आनंद झाला.

पण एक जमेना. टरफलं तळाशी बसत होती. झेनोफनचे जव तर ओठांबरोबर तरंगत होते.

16 फेब्रुवारी

उत्तर सकाळी मिळालं. काल रात्री पातेलं झाकून ओट्यावरच राहिलं. सकाळी पाहते तर सगळी टरफलं वर, फेसाची साय, आणि मध्ये मध्ये बुडबुडे. इडलीचं पीठ वर येतं तसं. आंबताना निघणारा वायू टरफलांना चिकटून त्यांना वर उचलतो. म्हणजे झेनोफनने पाहिलेली भांडी साठवणीतली नव्हती. त्या क्षणी, बर्फाखालच्या त्या उबदार घरात, गुरांच्या श्वासाच्या उबेत ती आंबत होती. फोटो काढला आणि पातेलं झाडांना ओतून टाकलं.

नळी एकट्या आर्मेनियाची नाही. इ.स.पू. सातव्या शतकातला पारोसचा कवी आर्किलोकस थ्रेस आणि फ्रिजियाच्या माणसाचा नळीने 'ब्रूतोस', म्हणजे तिकडची बिअर, ओढताना उल्लेख करतो. ओळ शिवराळ आहे, पुस्तिकेत अर्धीच घेतली. इजिप्तच्या अमार्नातून आलेल्या एका शिळेवर सीरियन सैनिक तेरुरा बसून वाकड्या नळीने पितोय, समोर बायको, मध्ये मदतीला मुलगा. आणि कॉकेशसमधल्या मायकोपच्या थडग्यातून 1897 मध्ये निघालेल्या सोन्याचांदीच्या लांब नळ्या. शंभराहून जास्त वर्षं त्यांना राजदंड किंवा छत्राचे दांडे समजत होते. 2022 मध्ये एका नळीच्या टोकाच्या जाळीत जवाच्या पिष्टाचे कण सापडले आणि त्या पिण्याच्या नळ्या असाव्यात असं मांडलं गेलं. मीटरभर लांब नळ्यांच्या टोकाशी जाळी, माझ्या बोरूला तिरका काप.

23 फेब्रुवारी

तासगावला दादाकडे. बेदाण्याचा हंगाम सुरू आहे. शेडमध्ये जाळ्यांचे थर आणि त्यावर मणी. दादाला हेसिओडचा उतारा वाचून दाखवला: मृग आणि व्याध आकाशाच्या मध्यावर आले, स्वाती पहाटे उगवली, की घड तोडून घरी आण; दहा दिवस आणि दहा रात्री उन्हाला दाखव, पाच दिवस सावलीत झाक, सहाव्या दिवशी डायोनिससची देणगी भांड्यांत भर.

दादा म्हणाला, "दहा दिवस सरळ उन्हात? माल काळा पडणार." इथे हिरवा बेदाणा विकला जातो, म्हणून डिपिंग ऑइल, म्हणून शेड, म्हणून सावलीची जाळी. मग स्वतःच थांबून म्हणाला, "पण त्याला रंग कुठे हवाय? त्याला साखर हवीय." पाणी उडतं, साखर दाटते, त्यामुळे वाइन गोड आणि कडक होते, टिकते. आणि तीनपट पाणी घालायला परवडते. वहिनीने ओंजळभर अर्धवट सुकलेले मणी दिले. दाताखाली आधी साल, मग मधासारखा गर. हेसिओडचे मणी दहाव्या दिवशी असेच असतील.

1 मार्च

इजिप्तचं पान. हेरोडोटस लिहितो, इजिप्तचे लोक जवाची वाइन पितात कारण त्यांच्या देशात द्राक्षवेली नाहीत. हे चूक आहे. 1922 मध्ये उघडलेल्या तुतानखामुनच्या थडग्यात वाइनचे घडे होते, वर वर्ष आणि मळ्याचं नाव लिहिलेले. तरी हेरोडोटसला खोटारडा म्हणू नये. गावातला सामान्य माणूस जे पीत होता ते त्याने पाहिलं, आणि कारण आपल्या मनाचं जोडलं.

खरी गंमत पुढे आहे. सिकंदरानंतर इजिप्तवर ग्रीक भाषिक टोलेमी घराणं आलं आणि बिअरवर कर बसला, 'झितेरा'. पपायरसवरच्या ग्रीक कागदपत्रांत बिअर करणारे 'झितोपोइओस' दिसू लागतात. ज्या भाषेत बिअरला धड नाव नव्हतं तिला आता बिअर करणाऱ्याच्या धंद्याला नाव द्यावं लागलं, कारण वसुली होती.

2 मार्च

छोट्या चौकटी. अॅरिस्टॉटलच्या नावावरचं निरीक्षण: वाइन प्यालेला डावीकडे, उजवीकडे, पालथा, उताणा, कसाही पडतो, जवाचं प्यालेला फक्त उताणा. डिओस्कोरिडिस या वैद्याचं: झिथोस (बिअर) मूत्रल, नसांना वाईट, पोटात वायू धरणारं, पण हस्तिदंत त्यात भिजवला की मऊ होऊन कोरायला सोपा जातो. दोन्ही घेतल्या.

9 मार्च

फ्रिजियन सुरईचं टेबल. गोर्डियन, आजच्या तुर्कस्तानात. 1957 मध्ये रॉडनी यंग यांनी मोठ्या टेकाडाखालची लाकडी खोली उघडली. आत राजा पहुडलेला आणि सोबत दीडशेहून जास्त ब्राँझची भांडी. तो मिडास की त्याचा बाप यावर वाद आहे. लाकडाच्या वर्तुळांवरून थडगं इ.स.पू. 740 च्या सुमाराचं ठरतं. भांड्यांच्या तळाच्या खळीतून पॅट्रिक मॅकगव्हर्न यांना द्राक्ष, जव आणि मध या तिन्हींच्या खुणा एकत्र मिळाल्या. वाइन, बिअर आणि मधाचं मद्य एकाच पातेल्यात.

ग्रीकांना हे नवं नव्हतं. नेस्टरच्या त्या चार कानांच्या प्याल्यात त्याची दासी हेकामेडी काय करते? प्रामनियन वाइन ओतते, बकरीच्या दुधाचं चीज किसते आणि वरून पांढरं जवाचं पीठ भुरभुरते. ओडिसीत जादूगारीण किर्के वाइनमध्ये पीठ, चीज आणि मध कालवते. धान्याची देवी देमेतर हिच्या स्तोत्रात देवी तर लाल वाइन नाकारते आणि पाण्यात जव व पुदिन्याच्या जातीची पानं घालून मागते. जव ग्रीकांच्या प्याल्यात होतेच, आंबवलेले नव्हते एवढंच. काल रात्री हे शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा जानेवारीत ओढलेली सरळ रेघ पानावर टिकेना. मधली चार पानं नव्याने लिहायला घेतली.

काकांनी चोचीतली चाळणी सुईने टोचून केली आहे, बत्तीस भोकं. टरफलं अडतात, पाणी येतं. नळी नसेल तर हा उपाय.

16 मार्च

केल्ट. फोकायाहून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पू. 600 च्या सुमारास मासालिया वसवलं, आजचं मार्से, आणि वाइन नदीमार्गे वर जाऊ लागली. पोसिडोनिओस हा ग्रीक तत्त्वज्ञ लिहितो, श्रीमंत केल्ट इटलीची किंवा मासालियाकडची वाइन पितात, गरीब मध घातलेली गव्हाची बिअर, 'कोर्मा'. इतिहासकार डायोडोरस तर सांगतो की व्यापाऱ्याला एका घड्याच्या बदल्यात एक गुलाम मिळायचा. हे वाक्य लिहून बराच वेळ पुढे गेले नाही. घडा आणि माणूस.

1953 मध्ये फ्रान्समधल्या विक्स इथे एका स्त्रीच्या थडग्यात ग्रीक क्रातेर निघाला: ब्राँझचा, 1.64 मीटर उंच, 208 किलो, सुमारे 1,100 लिटर मावणारा. ग्रीसमध्येही इतका मोठा हाती लागलेला नाही. भिंतीवर त्याची खऱ्या उंचीची बाह्यरेषा काढायची, म्हणजे शेजारी उभं राहून मापता येईल. मी त्याच्यापेक्षा आठ सेंटिमीटर कमी.

23 मार्च

आपल्याकडचं पान, मुद्दाम शेवटी. मौर्य दरबारातला ग्रीक दूत मेगास्थेनीस याच्या आधाराने भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो: हिंदी लोक यज्ञाशिवाय वाइन पीत नाहीत, आणि पितात ते जवाऐवजी तांदळापासून केलेलं. 'जवाऐवजी' हा शब्द बघा. ग्रीक डोक्यात जगाचे दोनच कप्पे, द्राक्ष नाहीतर जव, म्हणून तांदूळही जवाच्या खणात ठेवला जातो.

मौर्य राजा बिंदुसाराने सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस याच्याकडे तीन गोष्टी विकत मागितल्या: गोड वाइन, सुके अंजीर आणि एक तत्त्वज्ञ. उत्तर आलं, अंजीर आणि वाइन पाठवतो, पण तत्त्वज्ञ विकणं ग्रीकांच्या रिवाजात बसत नाही.

इ.स. पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस', म्हणजे ग्रीकमधली सागरी व्यापाराची मार्गदर्शिका, भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन सांगतं. इटलीची आधी, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. त्याच बंदरातून पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांच्याकडे रस्ते जातात. नेवाशाच्या उत्खननात भूमध्यसागरी घड्यांचे तुकडे मिळाले. पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा तुकड्यांची नंतर फेरतपासणी झाली तेव्हा त्यातले बरेच मेसोपोटेमियाच्या, आतून डांबर लावलेल्या 'टॉर्पेडो' घड्यांचे ठरले. म्हणून 'महाराष्ट्रात रोमन वाइनचा पूर' असला मथळा मी देणार नाही. काही घडे आले, गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचले, एवढं पक्कं आहे आणि तेवढं पुष्कळ आहे.

30 मार्च

पाडवा. गुढी उभारून प्रुफं तपासली. छापखान्यात 'क्रातेर'चा 'क्रेटर' झाला होता, अकरा ठिकाणी. सगळे दुरुस्त केले.

4 एप्रिल

पुस्तिका आल्या, तीनशे. टेबलं लावली. पहिल्यावर दोन बशा, जळके दाणे आणि भिंग. दुसऱ्यावर क्रातेर, दोन्ही किलिक्स, तडकलेला कान तसाच ठेवला, शेजारी लोड. तिसऱ्यावर सुरई आणि अर्धवट सुकलेले मणी, दादाने काल पाठवले. चौथ्यावर मोडवलेल्या जवाचं ताजं पाणी आणि बोरूच्या सात नळ्या. भिंतीवर विक्सची रेषा, तिच्याखाली युबुलसचे क्रातेर.

चौथ्या टेबलावरच्या फलकाचा मजकूर आज रात्री पक्का केला:

"तिथे भांड्यांत जवाची वाइनही होती. वर भांड्याच्या ओठांबरोबर खुद्द जव तरंगत होते, आणि आत एका पेराच्या नळ्या ठेवल्या होत्या, काही मोठ्या, काही लहान. तहान लागली की त्या तोंडात धरून ओढायचं. पाणी घातलं नाही तर ती फार कडक. पण सवय झालेल्याला फार गोड लागायची."

शेवटच्या वाक्यात 'सवय झालेल्याला' साठी झेनोफनचा शब्द शिकण्यावरून आलाय, 'शिकून घेतलेल्याला'. फलकावर मात्र 'सवय'च ठेवली. फलक उद्या सकाळी आठला चिकटवायचा. जव रात्री भिजवायचे नाहीत, वर येतील.